नॅप्समधून चार अप्रेंटिस, अकरा महिन्यांचा अनुभव (आणि एका खात्याची डोकेदुखी)

आपला युनिफॉर्म शिलाईचा छोटा कारखाना आहे, सोलापूरला अक्कलकोट रोडवर, चौतीस माणसं. तीस किंवा जास्त माणसं असली की १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानं अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, हे मला सीएनं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं. म्हटलं घ्यायचेच आहेत तर नॅप्समधून, म्हणजे केंद्राच्या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेतून घेऊ, सरकार स्टायपेंडचे पंचवीस टक्के देतं, माणशी महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये. दहावी पास पोरीला तेव्हा किमान ६००० द्यायचे, म्हणजे ४५०० आपले आणि १५०० सरकारचे. चार पोरी, बारा महिने, ७२,००० वाचले. शिवाय अप्रेंटिसला पीएफ नाही, ईएसआय नाही. मी आकडेमोड करणारा माणूस, लगेच तयार झालो.

एक एजंट माणशी दोन हजार मागत होता. कशाला? पोर्टलवर कारखान्याची नोंदणी, पोरींची नोंदणी, मग करार, सगळं मी आणि पुतण्यानं दोन रविवारात केलं. ओटीपी पोरींच्या मोबाईलवर येतो आणि मोबाईल असतो घरी भावाकडे, एवढाच काय तो वैताग.

आता खरं दुखणं. २०२३ पासून सरकारचा हिस्सा मालकाला परत मिळत नाही, थेट पोरीच्या खात्यात जातो. आपण आपले ४५०० बँकेतून द्यायचे, हजेरी आणि पेमेंटची नोंद दर महिन्याला टाकायची, मग ते १५०० सुटतात. ऑगस्टमध्ये सुरू केलं, तिघींचे आले. चौथीचे नाहीत. सप्टेंबर नाही, ऑक्टोबर नाही, दिवाळी गेली तरी नाही. ती बिचारी काही बोलेना पण बाकीच्या तिघी जेवायच्या सुट्टीत मोबाईलवर मेसेज दाखवायच्या आणि ही डबा घेऊन बाजूला बसायची, ते बघवायचं नाही. शेवटी मीच पदरचे द्यायला लागलो. म्हणजे वाचवायला गेलो आणि वर खिशातून घातले!

बँकेत तीन चकरा मारल्या. बँकेचं नाव घेत नाही. दरवेळी एकच उत्तर, 'आधार लिंक आहे की हो, आमच्याकडून काही पेंडिंग नाही.' तिसऱ्यांदा मी मोठ्यानं बोललो, साहेबांना जरा जास्तच बोललो, रांगेतली माणसं बघायला लागली. घरी येऊन हा रिव्ह्यू लिहायला घेतला आणि पहिलं वाक्य होतं 'कुणी या फंदात पडू नका'.

ते वाक्य खोडलंय. का ते सांगतो.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत चार दिवस कारखाना बंदच असल्यासारखा, तेव्हा निवांत बसून पुतण्यानं आधारच्या साईटवर तिचं बँक सीडिंग स्टेटस काढलं. लिंक आणि सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो! लिंक म्हणजे बँकेनं केवायसीला आधार घेतलं, एवढंच. सीडिंग म्हणजे सरकारी पैसे कुठल्या खात्यात टाकायचे याची आधारवरची नोंद. पैसे जातात जे खातं शेवटचं सीड झालंय त्यात, तुम्ही पासबुक कुठलंही दिलेलं असू दे. हिचं दाखवलं पोस्टातलं खातं. लाडकी बहीणच्या वेळी उघडलेलं.

दुसऱ्या दिवशी तिला पासबुक घेऊन बोलावलं, बरोबर सासू पण आली, चेहरा पडलेला. पोस्टात एन्ट्री मारली तर चार महिन्यांचे सहा हजार तसेच पडून. एक रुपया काढलेला नाही. मी विचारलं, अहो मेसेज आले नाहीत का? सासू म्हणाली, 'आले की मालक. पण हिचा लाडकी बहीणचा फॉर्म रिजेक्ट झालेला, तरी पंधराशे येऊ लागले, आम्हाला वाटलं सरकारची चूक झाली. बोललो तर परत मागतील म्हणून गप बसलो, आणि हात पण लावला नाही.'

मी तिथंच बाकड्यावर बसलो. हसावं का रडावं कळेना. मी दिलेले पैसे तिनं दुसऱ्या दिवशी न मागता आणून दिले, हे पण लिहायला पाहिजे.

बाकी योजना बरी आहे. सीझनला, म्हणजे फेब्रुवारी ते जून, शाळांच्या ऑर्डरी अंगावर येतात तेव्हा हजेरी टाकायला दोनदा उशीर झाला, चूक माझी. चौघींपैकी दोघी आता कॉलर लावतात, ओव्हरलॉक तर चौघी चालवतात, एकीचा हात इतका साफ आहे की कटिंग मास्तर तिला स्वतःकडे मागतोय. पुढच्या वेळी पाच घेणार, पंधरा टक्क्यांत तेवढ्याच बसतात. फक्त करार करायच्या आधी प्रत्येकीचं सीडिंग स्टेटस प्रिंट काढून फाईलला लावणार.

बँकेतल्या त्या साहेबांना मात्र अजून तोंड दाखवलेलं नाही. सध्या चेक टाकायला पुतण्या जातो.