रांझे ते कारी : वतनदारीच्या वाटेवरची एक दिवसाची सहल

पुण्यातून शिवकाळाच्या नावाने निघणाऱ्या सहलींना आता तोटा राहिलेला नाही. पावसाळा सरला की दर शनिवार-रविवारी गाड्या सिंहगड, राजगड, पुरंदरकडे सुटतात आणि महादरवाजा, बुरूज, बालेकिल्ला अशा ठरल्या क्रमाने लढायांच्या गोष्टी ऐकून माणसे संध्याकाळी घरी परततात. या गर्दीत एका छोट्या गटाने काढलेली ‘रांझे ते कारी’ ही सहल वेगळी ठरते, कारण तिच्यात एकही गड चढायचा नसतो. सतराव्या शतकातल्या मावळात एखाद्या गावावर नेमके कोणाचे चालत असे, सारा कोण वसूल करी, तंटा कोण तोडी, आणि वरून आलेला हुकूम गावाच्या वेशीशी पोहोचल्यावर त्याचे पुढे काय होई, हा या सहलीचा विषय आहे. सहल दिलेल्या पैशांचे चीज करणारी आहे असे माझे मत झाले. पण पाटलाच्या ओसरीवरून खाली उतरायची तिची तयारी नाही, ही तक्रारही तितकीच खरी आहे.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगतो. माणशी १,८०० रुपयांत स्वारगेटपासून प्रवास, न्याहारी, दुपारचे जेवण आणि एक पुस्तिका मिळते. टेंपो ट्रॅव्हलर स्वच्छ होती, चालक सावकाश गाडी हाकणारा होता, आणि निघायची वेळ पाळली गेली, ही गोष्ट पुण्यात नमूद करण्याजोगी आहे. मार्गदर्शक बाई मोडी वाचणाऱ्या आहेत आणि तो त्यांच्या बोलण्यातला सर्वांत मोठा गुण आहे, कारण कागदात काय आहे आणि लोक काय सांगतात यांत त्या कटाक्षाने फरक करतात. गाडीतला ध्वनिक्षेपक मात्र कात्रजच्या बोगद्यापासूनच खरखरत होता आणि मागच्या बाकांवर बसलेल्यांपर्यंत अर्धे बोलणे पोहोचलेच नाही. पुढे लक्षात आले की नेमका कळीचा भाग बाईंनी गाडीत सांगायचा म्हणून ठेवला होता.

पहिला मुक्काम रांझ्याचा. खेड शिवापूरहून आत वळले की हे गाव लागते आणि रांझेश्वराच्या देवळापाशी, कुंडांच्या काठावर, सगळ्यांना बसवून बाई बोलायला लागतात. रांझ्याच्या पाटलाची गोष्ट मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते : पाटलाने गैरवर्तन केले आणि शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडवले. गोष्ट तिथे थांबते. २८ जानेवारी १६४६ चे पत्र थांबत नाही. महाराज तेव्हा सोळाव्या वर्षात होते आणि पत्रावर त्यांची ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही मुद्रा आहे. गावचा मुकादम म्हणजे पाटील बावाजी गुजर याच्या हातून मुकादमी करीत असता ‘बदअमल’ म्हणजे गैरवर्तन झाले, एवढेच पत्र सांगते. कथेकऱ्यांनी रंगवलेला तपशील त्यात नाही. चौकशी झाली, शिक्षा झाली. मग त्याच गोतातला, म्हणजे भाऊबंदांतला, सोनजी गुजर पुढे आला, अपंग झालेल्या बावाजीला सांभाळायची त्याने तयारी दाखवली आणि होनांची रक्कम भरून घेऊन पाटीलकी त्याला देण्यात आली.

बाईंनी इथे घाई केली नाही याबद्दल त्यांचे कौतुक करायला हवे. शिक्षेच्या कठोरपणावर सगळ्यांचे लक्ष जाते, पण सत्तेच्या दृष्टीने पत्राचा दुसरा भाग अधिक बोलका आहे. राजा पाटलाला कापू शकत होता, पाटीलकी मात्र गुजरांच्या घरातच राहिली. वतन, म्हणजे गावच्या कामाबद्दलचा वंशपरंपरेचा हक्क, ही मालमत्ता होती. तिचा वारसा चाले, वाटणी होई, गहाण आणि विक्रीही होई, आणि ती भाऊबंदांच्या हक्कात गुंतलेली असल्यामुळे एका माणसाच्या अपराधापायी सबंध घराण्याला उखडून टाकणे कोणत्याही राज्यकर्त्याला सोपे नव्हते. शिवाय नवा माणूस बाहेरून आणला तर शेतांचे बांध, कुणबाव्याची घडी, थकबाकी हे सगळे त्याला सांगणार कोण? गावाची माहिती ज्याच्या डोक्यात आणि कुलकर्ण्याच्या दप्तरात, त्याच्यावाचून सारा गोळा होत नसे. बावाजीला सांभाळायचे ओझेही सरकारने गोतावरच टाकले, हे ऐकून आमच्यातल्या एका निवृत्त तलाठीबुवांनी मान डोलावली, आणि ती मान डोलावणे मला बरेच काही सांगून गेले.

त्यानंतर बाईंनी निम्म्या पाटीलकीच्या एका खरेदीपत्राची छायाप्रत फिरवली. माझ्या मते अख्ख्या दिवसातला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास. कागदात जमिनीपेक्षा मानपानाला जास्त ओळी होत्या : होळीची पोळी आधी कोणाची, पोळ्याला वेशीतून पहिला बैल कोणाचा, दसऱ्याला आपट्याची पूजा कोण करणार, गंध आणि विडा आधी कोणाला, वाजंत्री कोणाच्या दारी आधी वाजणार. निम्मी पाटीलकी विकली म्हणजे हे सगळे निम्मे झाले, आणि जे निम्मे करता येत नाही त्याचा क्रम लावून दिला. खाली गोतसभेला, म्हणजे गावच्या निवाड्याच्या बैठकीला, हजर असलेल्यांची निशाणी होती. लिहिता न येणाऱ्या पाटलांच्या नावापुढे नांगर आणि न्हाव्याच्या नावापुढे आरसा काढलेला. आज हे वाचताना हसू येते, पण गावात अधिकार दिसत असे तो याच क्रमातून, आणि म्हणूनच असल्या मानासाठी पिढ्यान् पिढ्या तंटे चालत. साक्षीपुराव्याने निकाल लागला नाही तर प्रकरण दिव्यावर, म्हणजे देवाच्या नावाने घ्यायच्या कसोटीवर, जाई. तापलेल्या तेलातला धातूचा रवा काढून हाताला फोड येतो का, हे पाहून पाटीलकीचा धनी ठरत असे.

‘महाराजांनी वतने बंदच केली होती ना?’ असा प्रश्न कोणीतरी विचारलाच. बाईंचे उत्तर नेमके होते. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीत लिहिलेल्या बखरीत महाराजांच्या धोरणाचे वर्णन आहे ते वतनदारांना लगाम घालण्याचे : त्यांचे कोटबुरूज पाडले, साध्या घरात राहण्याची सक्ती केली, रयतेकडून मन मानेल तितके उकळण्याऐवजी त्यांचा हक्क ठरवून दिला. वतने मुळापासून काढून टाकलेली नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही वतनदार म्हणजे राज्याचे जणू वाटेकरी, त्यांना मोकळे सोडू नये आणि अगदी नागवूही नये, असा सावध सल्ला आहे. ज्यांच्याशिवाय राज्य चालत नाही आणि ज्यांच्यावर विश्वास टाकवत नाही अशा लोकांविषयी तो आहे, हे अमात्य लपवत नाहीत.

इथून पुढे मात्र सहलीची घडी विस्कटते. कापूरहोळमार्गे भोरला जाताना गाडीत राजाराम महाराजांचा काळ सांगितला गेला, आणि तो त्या खरखरत्या ध्वनिक्षेपकाने गिळला. १६८९ नंतर औरंगजेब मराठा सरदारांना आणि देशमुखांना वतने-जहागिऱ्या देऊन फोडत होता. त्यांना राखायचे तर जिंजीहून राजाराम महाराजांनाही हात सैल सोडावा लागला. आवळलेला लगाम त्या काळात ढिला झाला आणि पुढच्या शतकातल्या मराठी राज्याचा सांगाडा त्यातून उभा राहिला. हे निवांत बसवून सांगायला हवे होते.

त्यासाठी भोरचा राजवाडा ही उत्तम जागा होती. मुघलांनी घेतलेले किल्ले परत मिळवण्याच्या धामधुमीत शंकराजी नारायण पुढे आले, राजाराम महाराजांनी त्यांना सचिवपद दिले, आणि त्या पदाबरोबर मिळालेल्या मुलखातून पंतसचिवांचे भोर संस्थान वाढले, ते थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकले. नेमून दिलेले पद वंशपरंपरेच्या राज्यात कसे बदलत गेले याचे एवढे स्वच्छ उदाहरण पुण्यापासून इतक्या जवळ दुसरे मिळणार नाही. प्रत्यक्षात आम्ही चौकात उभे राहून कोणकोणत्या चित्रपटांचे चित्रीकरण इथे झाले हे ऐकले आणि छायाचित्रे काढली. वाड्याचे लाकडी खांब सुंदर आहेत, त्याबद्दल दुमत नाही.

जेवण भोरमध्येच एका घरगुती खानावळीत होते. भाकरी, पिठले, मटकीची उसळ, इंद्रायणीचा भात. साधे आणि गरम. त्याविषयी तक्रार नाही.

कारी गाव सहलीला पुन्हा रुळावर आणते. हे रोहिड खोऱ्याच्या जेधे देशमुखांचे, म्हणजे अनेक गावांवरच्या वतनदारांचे, गाव, आणि वाड्यापाशी उभे राहून बाईंनी १६५९ चा पेच उलगडला. अफझलखान स्वारीवर निघाला तेव्हा मावळातल्या देशमुखांना आदिलशाही फर्माने आली. कान्होजी जेध्यांना आलेले फर्मान जून महिन्याचे आहे. खानाला मिळालात तर वतन राहील, नाहीतर जाईल, असा त्याचा सरळ अर्थ होता. कान्होजी पाचही मुलांना घेऊन महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडले. शेजारच्याच उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. खान मारला गेल्यावर खोपड्यांचा जीव वाचावा म्हणून रदबदली केली ती कान्होजींनीच. महाराजांनी जीव राखला, पण एक हात आणि एक पाय तोडवला.

या प्रसंगाकडे निष्ठा आणि फितुरी एवढ्याच चष्म्यातून पाहिले तर कान्होजींची रदबदली कळत नाही. बाईंनी ती मांडली ती देशमुखांच्या आपसातल्या नात्यांतून : सोयरिकी, हद्दीचे जुने वाद, एकमेकांच्या वतनपत्रांवरच्या साक्षी. सुलतान बदलत, खोऱ्यातला शेजारी बदलत नसे. खोपड्यांना पुरते संपवणे जेध्यांनाही परवडणारे नव्हते, हे त्यांचे अनुमान मला पटले. ते अनुमान आहे, हे त्यांनी स्वतःहून सांगितले, त्यामुळे अधिकच पटले. घोडखिंडीच्या (पावनखिंडीच्या) लढाईनंतर दरबारातला पहिला मान जेध्यांकडून बांदलांकडे गेला, ही परंपरेने चालत आलेली हकिकत त्यांनी त्यालाच जोडली. सकाळच्या खरेदीपत्रातला होळीच्या पोळीचा क्रम आणि दरबारातला हा मान एकाच मुशीतले आहेत, हे तिथे कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

शेवटचा थांबा आंबवड्याचा, आणि माझा मुख्य आक्षेप इथला आहे. नागेश्वराच्या परिसरातल्या या एका गावात कान्होजी जेध्यांची समाधी आहे, शंकराजी नारायणांची आहे आणि जिवा महालांचीही आहे. शाहू महाराज १७०७ साली परत आले तेव्हा ताराबाईंना दिलेली शपथ मोडायची की धन्याच्या मुलाविरुद्ध उभे राहायचे, या कात्रीत सापडलेल्या शंकराजींनी याच आंबवड्यात देह ठेवला. देशमुख, सचिव, आणि नाभिक समाजातला मानला जाणारा एक लढवय्या : त्या काळच्या सत्तेच्या तीन पायऱ्या काही पावलांच्या अंतरावर आहेत. दिवस उतरत चालला म्हणून आम्ही तिथे पाऊण तासही थांबलो नाही, आणि जिवा महालांच्या समाधीपाशी ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण आणि प्रतापगडचा प्रसंग यापलीकडे काही सांगितले गेले नाही.

गावगाड्यात न्हाव्याचे, कुंभाराचे, महाराचे स्थान काय होते, हा प्रश्न विचारायला यापेक्षा योग्य जागा कोणती? खळ्यावर धान्याची रास पडली की बलुतेदारांचे वाटे थोरली, मधली आणि धाकटी कास अशा प्रतवारीने निघत. महारांकडे गावाची शीव राखणे, हद्दीच्या तंट्यात साक्ष देणे, सरकारी सारा वाहून नेणे, मेलेली गुरे ओढणे अशी कामे होती. शिवेच्या वादात अख्ख्या गावाचा दावा ज्याच्या शब्दावर टिके, त्याला त्याच गावात वेशीबाहेर राहावे लागे. पाटलाचे वतन त्याला सत्ता देत होते, महाराचे वतन त्याला राबायला बांधून ठेवत होते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले ते याचसाठी, आणि कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. पाटीलकी कायद्याने गेली तीही त्यानंतर, १९६२ च्या अधिनियमाने. सकाळी हाती दिलेल्या कागदावर न्हाव्याचा आरसा होता. गोतसभेत तो बसला होता, पण कोणत्या रांगेत, आणि त्याच्या शब्दाला वजन किती, हे विचारल्यावर बाईंनी ‘वेगळा विषय आहे’ म्हणून पुढचे पान उलटले. माझ्या मते तो हाच विषय आहे. विधवा पाटलिणींनी दत्तक घेऊन वतने राखल्याचाही दिवसभरात उल्लेख झाला नाही, तो याच कारणाने खटकला.

पुस्तिका मात्र जपून ठेवण्याजोगी आहे. रांझ्याच्या पत्राचे देवनागरी लिप्यंतर, मावळातल्या देशमुख घराण्यांची यादी आणि हक्क-लाजिम्यांची, म्हणजे वतनदारांच्या ठरलेल्या उत्पन्नाची, माहिती तिच्यात आहे. छपाई बारीक असल्याने वयस्कर मंडळींनी चष्मा विसरू नये. लहान मुलांना नेऊ नये, त्यांना कंटाळा येईल आणि शिक्षांची वर्णने त्यांच्यासाठी नाहीत. आयोजकांनी राजवाड्यातला चित्रपटांचा तास काढून तो आंबवड्याला द्यावा, राजारामकाळ गाडीत न सांगता वाड्याच्या चौकात सांगावा आणि नवा ध्वनिक्षेपक घ्यावा. नाव नोंदवायचे असेल तर डिसेंबर किंवा जानेवारी गाठावा; रांझ्याच्या कुंडांत तेव्हा पाणी असते आणि कारीच्या वाटेवर ऊन लागत नाही.