साठ फूट पाणी आणि संभाजीनगरचं ट्रॅव्हल ऑफिस

ऑस्ट्रेलियात समुद्रात डाइव्ह करायला पाठवणाऱ्या ट्रॅव्हल ऑफिसला दहापैकी सहा मार्क. त्यातले चार व्हिसा आणि विमानाचे, दोन त्या ऑफिसातल्या पोराच्या गोड बोलण्याचे. पाण्याचा मार्क एकही नाही, आणि मी पैसे भरले होते ते पाण्यासाठीच. ऑफिस संभाजीनगरचं आहे, नाव लिहीत नाही. भांडण झालं, मिटलं, थोडे पैसेही परत आले.

माझं औशाला सबमर्सिबल मोटारींचं दुकान आहे, विक्री आणि रिवाइंडिंग. पोरगी ब्रिस्बेनला शिकायला आहे. तिला भेटायला जायचंच होतं, तर म्हणाली, "पप्पा, जन्मभर लोकांच्या मोटारी पाण्यात सोडल्या, एकदा स्वतः उतरून बघा." ग्रेट बॅरियर रीफ, म्हणजे समुद्रातली कोरलची (प्रवाळाची) रांग, तिच्याच राज्यात आहे म्हणाली, म्हणून मला वाटलं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ. रीफची आमची बोट सुटणार होती केर्न्सहून, आणि ब्रिस्बेन ते केर्न्स रस्त्याने सतराशे किलोमीटर आहे. रीफच २,३०० किलोमीटर लांब. ऑफिसातल्या पोरालाही हे तेव्हाच कळलं असावं, कारण त्याने पहिल्या कागदावर ब्रिस्बेनहून टॅक्सी लिहिली होती.

पहिला प्लॅन डिसेंबरचा आला, नाताळच्या सुट्टीचा. पोरीने फोनवरच उडवून लावला. नोव्हेंबर ते मे तिकडे किनाऱ्यालगत विषारी जेलीफिश असतात, शिवाय वादळांचे दिवस. जून ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, पाणी नितळ. मलाही तेच सोयीचं. उन्हाळ्यात मोटारी जळतात तेव्हा मला जेवायला फुरसत नसते, आणि पाऊस बरा झाला की ऑगस्टमध्ये दुकानात माशा मारतो. ऑगस्ट ठरला. त्या महिन्यात आग्नेयेचा वारा सुटतो आणि बोट पाळण्यासारखी हलते, हे मात्र कोणीच सांगितलं नाही. सकाळी निघण्याआधी उलटीची गोळी घेतली म्हणून निभावलं.

ऑफिसचं म्हणणं होतं, "काका, कोर्स-बिर्स कशाला? तिकडे इंट्रो डाइव्ह होते ना." होते. पण त्यात शिक्षक बाजूला धरून नेतो आणि बारा मीटरच्या खाली सोडत नाही. कोर्स करून मिळणारं ओपन वॉटरचं कार्ड असेल तर अठरा मीटर, म्हणजे साठ फूट. आमच्याकडे साठ फूट म्हणजे जुन्या विहिरीचा तळ. बोअरवाला तर साठ फुटांवर अजून केसिंगच टाकत असतो. एवढं लांब जायचं आणि विहिरीचा तळ न गाठताच वर यायचं, हे मला पटेना.

म्हणून एप्रिलमध्ये दुकान भावाच्या हवाली केलं आणि तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रावर कोर्स केला. सीझनमध्ये दुकान सोडलं म्हणून भाऊ आठ दिवस बोलला नाही. दोनशे मीटर पोहून दाखवा, दहा मिनिटं तरंगून दाखवा, हे सोपं गेलं. मी विहिरीत शिकलेला, पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून. तो डबा वर धरायचा, हा पाठीवरचा सिलेंडर खाली न्यायला, एवढाच फरक. दाबाचा धडा आला तेव्हा मी मास्तरांच्या आधी उत्तर देत होतो. दहा मीटर हेड (पाण्याची उंची) म्हणजे एक किलो प्रेशर, हे आमच्या दुकानात झाडू मारणाऱ्या पोरालाही पाठ आहे. कान मात्र दुकानात शिकवत नाहीत. उतरताना दर दोन हातांवर नाक दाबून फुंकर मारावी लागते. मी एकदा मोटार सोडावी तसा सरळ खाली गेलो आणि डावा कान दोन दिवस ठणकत राहिला.

आता तक्रारी. बायकोला दमा आहे, पंप रोज पर्समध्ये असतो. ऑफिसने तिच्या नावावर इंट्रो डाइव्हचे एकवीस हजार घेतले आणि तब्येतीचा एक प्रश्न विचारला नाही. केर्न्सच्या बोटीवर आरोग्याचा फॉर्म आला, त्यात दम्याचा रकाना. तिने खरं लिहिलं. डाइव्हिंगच्या डॉक्टरचा दाखला नसेल तर उतरता येणार नाही, असं बोटीवरच्या बाईने हसतमुखाने पण ठाम सांगितलं. तिची काही चूक नाही. चूक त्यांची, ज्यांना हा फॉर्म आमच्या हातात तीन महिने आधी देता आला असता. परत आल्यावर त्या एकवीसचे निम्मे मिळाले, तेही तीन चकरा मारल्यावर.

दुसरी तक्रार मोठी. प्लॅनमध्ये दोन दिवस डाइव्हिंग, दुसऱ्या दिवशी शेवटची डाइव्ह दुपारी दोनला संपणार, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे सहाचं विमान. सोळा तास. सलग दिवस किंवा एकाहून जास्त डाइव्ह झाल्या तर विमानाआधी किमान अठरा तास थांबा, असं तारकर्लीत दहा वेळा सांगितलं होतं. खोल पाण्यात दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघावा लागतो, आणि विमानात हवेचा दाब कमी असतो. सोड्याची बाटली घाईने उघडल्यावर काय होतं ते अंगात होतं. मी फोन केला तर उत्तर आलं, "काका, सगळे जातात, काही होत नाही." ज्याने सोळा तास लिहिले त्याला अठरा कुठून माहीत असणार? तिकीट संध्याकाळचं करून घेतलं, फरक अर्धा त्यांनी सोसला.

त्या मोकळ्या दिवसाने एक गंमत दाखवली. केर्न्स समुद्रकाठी आहे, पण शहरासमोर पोहायचा समुद्रच नाही. ओहोटीला नुसता चिखल, आणि मगरींच्या पाट्या. म्हणून नगरपालिकेने काठावर खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव बांधलाय, फुकट. आमच्या नगरपालिकेचा हौद आठवला. बाकी काही म्हणत नाही.

छोट्या दोन गोष्टी घाईत. पॅकेजवर 'सर्वसमावेशक' लिहिलं होतं, तरी रीफवर माणशी रोज भरावा लागणारा सरकारी कर बोटीवर वेगळा द्यावा लागला. आणि विमानतळावर खाण्याच्या वस्तूंचं काही सांगू नका, हा त्यांचा सल्ला तर निव्वळ अडाणीपणाचा. ऑस्ट्रेलियात लपवलं तर दंड जबर आहे. आम्ही सगळं लिहून दिलं. शेंगदाण्याची चटणी गेली सोबत, पोरीच्या कुंड्यांसाठी नेलेलं कोथिंबिरीचं बी मात्र साहेबांनी ठेवून घेतलं.

रीफला पोचायला दीड-दोन तास लागले. बोटवाले कामाला चोख. प्रत्येकाच्या सिलेंडरमधल्या हवेचा गेज त्यांनी स्वतः वाचला, सुरुवातीला दोनशे बार, पन्नासवर आला की वर यायचं. पाण्यात उतरताना आणि वर आल्यावर माणसं मोजली, आणि मोजून झाल्यावर पुन्हा सह्या घेतल्या. आमच्या इथे बोअरच्या खड्ड्यावर कोणी इतकी काळजी घेतली असती तर बरं झालं असतं.

खाली रंग फोटोतल्यासारखे नसतात. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विझतो, दहा मीटरवर सगळं हिरवट-करडं. शिक्षकाने टॉर्च मारला की तेवढ्यापुरतं कोरल कुंकवासारखं पेटतं. काही ठिकाणी मेलेलं कोरल होतं, त्यावर शेवाळ. समुद्र तापला की कोरल पांढरं पडतं, आणि हे २०१६ पासून वारंवार मोठ्या प्रमाणावर झालंय. पण ध्यानात राहिला तो आवाज. आधी वाटलं माझं रेग्युलेटर, म्हणजे तोंडातलं श्वासाचं यंत्र, बिघडलं. मग दिसला पोपटमासा, चोचीने दगडासारखं कोरल कुरतडत होता. अगदी गोठ्यात बैल कडबा चघळतो तसा, कडाकड. ते दळलेलं तो मागून बारीक वाळूसारखं सोडतो. मी अठरा मीटरवर, वाळूच्या गुडघाभर वर लटकून त्याला पाच मिनिटं बघत होतो, गेज विसरून. शिक्षकाने हात धरून वर खूण केली. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो.

जेवणात कोळंबी होती. श्रावण असल्याने मी भात आणि बायकोच्या डब्यातला धपाटा खाल्ला. मासे फक्त बघायचे ठरले होते.

बायको वरच स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावून राहिली. दम्यामुळे तिला अंगात वेगळ्या रंगाचं जॅकेट आणि हाताखाली फोमचा दांडा, बाजूला एक पोरगी लक्ष ठेवून. मी दोन दिवसांत चार डाइव्ह केल्या. कासव तिला दिसलं, हाताच्या अंतरावर. मला एकदाही नाही.