टायटॅनियमचे पैसे घेतले, मानेत बसवली कोबाल्टची डिस्क

माझ्या बायकोला निकेल आणि कोबाल्टची ऍलर्जी आहे. तिच्या मानेत बसवायला ‘पूर्ण टायटॅनियमची, ऍलर्जीवाल्यांसाठी खास मागवलेली’ डिस्क, म्हणजे मणक्यांमधली कृत्रिम गादी, म्हणून आमच्याकडून १,२५,००० रुपये जादा उकळले आणि बसवली ती कोबाल्ट-क्रोमची. हाडाला टेकणाऱ्या बाजूवर टायटॅनियमचा पातळ थर, एवढंच त्यातलं टायटॅनियम. शरीरात बसवायच्या भागांच्या, म्हणजे इम्प्लांटच्या धंद्यात कट-कमिशन कसं चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते पुराण लावत नाही. ऍलर्जीचा रिपोर्ट बघून गिऱ्हाईक कसं हेरतात, ते सांगतो.

तिचा त्रास जुना. बेन्टेक्सचे कानातले घातले की पाळ्या चिघळायच्या, जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ काळपट चट्टा उठायचा. मानेतल्या सी५-सी६ या दोन मणक्यांमधली गादी सरकून डावा हात अंगठ्यापर्यंत बधिर व्हायला लागला आणि सर्जननी कृत्रिम डिस्क सुचवली, तेव्हा आम्ही आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट केली, २,४०० रुपये. ४८ तासांनी पट्ट्या काढल्या, नंतर पुन्हा रीडिंग घेतलं. निकेल पॉझिटिव्ह, कोबाल्टही पॉझिटिव्ह. त्या बाईंनी सरळ सांगितलं की कातडीला जे सोसत नाही ते शरीराच्या आत त्रास देईलच असं नाही, डॉक्टरांमध्येच यावर एकमत नाही. पण टायटॅनियमचा पर्याय मिळत असेल तर कोबाल्टच्या वाटेला जाऊ नका. म्हणजे आम्ही काही गुगलवर वाचून आलेलो नव्हतो.

रिपोर्ट हॉस्पिटलच्या फाईलला लागला आणि त्याच संध्याकाळी डिस्क पुरवणाऱ्या डीलरच्या माणसाचा फोन. रिपोर्टमधलं सगळं त्याला पाठ. तो त्याच्यापर्यंत कुणी पोहोचवला, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. “काका, पॅकेजमधली डिस्क काकूंना चालणार नाही. ऍलर्जी-फ्री मागवावी लागेल.” पॅकेज ३,८६,४०० चं, त्यात डिस्कचे १,६०,००० धरलेले. खास डिस्कसाठी वर १,२५,०००. शिवाय ‘मेटल प्रोफाइल’ नावाची रक्ततपासणी, ११,८००, तीही त्यानेच सांगितलेल्या लॅबमध्ये. पॅच टेस्ट झालेली असताना ही कशाला, असं मी विचारलं. “कंपनीला लागते, त्याशिवाय डिस्क सोडत नाहीत.” ७५,००० यूपीआयने एका माणसाच्या नंबरवर आणि ५०,००० रोख. पावती म्हणून लेटरहेड नसलेला कागद, त्यावर ‘अ‍ॅडव्हान्स मिळाला’ आणि एक सही.

बायकोच्या हातातून चहाचा कप निसटत होता. अशा वेळी माणूस जीएसटी बिल मागत बसत नाही. ज्यांना हे सुचतं त्यांच्या घरचं माणूस स्ट्रेचरवर नसतं.

सगळं उघडं पडायला हवं होतं ते ऑपरेशनच्या सकाळी. ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) बाहेर डीलरच्या माणसाने मला खोका दाखवला. पांढरा खोका, वर प्लॅस्टिकचं सील, बाजूला लेबल. लेबलच्या खालच्या अर्ध्या भागावर त्याचा अंगठा. मी खोका हातात मागितला, तर म्हणाला, स्टराइल आहे, हात लावता येणार नाही. स्टराइल असतं ते आतलं पाकीट. बाहेरचा खोका तर तो स्वतः उघड्या हातांनी धरून उभा होता! तरी बारीक अक्षरांत ‘सीओसीआर’ असं मला दिसलं आणि मी विचारलंच, हे कोबाल्ट नाही ना? “ते बसवायच्या हत्याराचं आहे काका, डिस्क टायटॅनियमचीच.” तेवढ्यात नर्सने सहीसाठी हाक मारली. तो अंगठा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. मी पाहिलं होतं, विचारलंही होतं. समोरचा माणूस तोंडावर खोटं बोलला, आणि ते तपासायला माझ्याकडे दोन मिनिटंसुद्धा नव्हती.

भांडं फुटलं ते विम्यामुळे. विम्याचे दावे तपासणाऱ्या एजन्सीने, म्हणजे टीपीएने, इम्प्लांटचं स्टिकर मागितलं. डिस्चार्जच्या कागदांत ते नव्हतंच. भांडून मिळवलं. त्यावरचा कॅटलॉग नंबर कंपनीच्या साइटवर टाकला: डिस्कच्या वरच्या-खालच्या प्लेट्स कोबाल्ट-क्रोम-मॉलिब्डेनमच्या, वरून टायटॅनियमचं कोटिंग. आणि स्टिकरवर छापील किंमत, सगळे कर धरून, १,६५,०००. म्हणजे जी डिस्क पॅकेजमध्ये आधीच होती तीच बसवली आणि तिचे आमच्याकडून एकूण २,८५,००० घेतले. छापील किमतीपेक्षा १,२०,००० जास्त.

म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. प्रेस्टिज या एकाच नावाची जुनी एसटी डिस्क स्टेनलेस स्टीलची होती, एलपी मात्र टायटॅनियम-सिरॅमिकची आहे. प्रोडिस्क-सी च्या प्लेट्स कोबाल्ट-क्रोमच्या, ब्रायन डिस्कच्या टायटॅनियमच्या. इम्प्लांटच्या ३१६एल स्टीलमध्ये दहा टक्क्यांहून जास्त निकेल असतं, कोबाल्ट-क्रोममध्ये अगदी थोडं, पण कोबाल्ट हाच तर त्याचा मुख्य भाग. तेव्हा कॅटलॉग नंबर आणि प्रत्येक भागाचा धातू भरती होण्याआधी लेखी मागा. ‘कोटेड’ म्हटलं की कोटिंगच्या आत काय आहे ते विचारा.

आता दाद मागायला गेल्यावर काय झालं ते ऐका. हॉस्पिटल म्हणतं, तो माणूस आमचा नोकर नाही, तुमचा व्यवहार बाहेरचा. मग तो तुमच्या ओटीच्या दारात खोका घेऊन कसा उभा होता? पोलीस ठाण्यात सांगितलं, हे सिव्हिल मॅटर, ग्राहकवाल्यांकडे जा. औषध खात्यात गेलो, तर लेबल खरं, परवाना खरा, मालात खोट नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हटलं, तर “बिल दाखवा.” बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! यूपीआयची नोंद दाखवली, तर ती एका व्यक्तीच्या नावावर, फर्मच्या नाही. डॉक्टरांच्या परिषदेने कळवलं की डीलर आमच्या कक्षेत येत नाही. विमा कंपनीने १,२५,००० आणि ११,८०० दोन्ही नाकारले. कुणी एक माणूस म्हणाला नाही की बसा, काय झालं ते सांगा.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटचे कमाल दर धातूनुसार बांधून दिले: कोबाल्ट-क्रोमियम ५४,७२०, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम ७६,६००, जीएसटी वेगळा. फरक २१,८८० रुपयांचा. मणक्याच्या डिस्कला असा बांधलेला दर नाही, म्हणून फरकाचे सव्वा लाख सांगायला कुणाची जीभ अडखळत नाही. कोबाल्ट-क्रोमचे एएसआर हिप, म्हणजे खुब्याचे कृत्रिम सांधे, २०१० मध्ये जगभरातून परत मागवले, ते आपल्या देशातही हजारो माणसांना बसवले होते, भरपाईचं सूत्र यायला २०१८ उजाडलं. इतकं होऊनही स्टिकरसाठी पेशंटनेच भांडायचं?

बायकोचा हात सुधारला, हे खरं. गळ्यापाशी आणि छातीवर खाज सुटते, ती डिस्कमुळेच असं कुणी छातीठोक सांगत नाही, नाही असंही सांगत नाही. डिस्क काढायची तर पुन्हा गळ्यातूनच जावं लागणार, जुन्या व्रणांतून. ती रोज आरशात मान बघते.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. मोबदला, म्हणजे आपण मोजलेले पैसे, ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. पेशंटने कागद मागितले की डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायचे असा २००२ च्या आचारसंहितेतच नियम आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पैसे फक्त हॉस्पिटलच्या खात्यात भरा. संमतीपत्रावर डिस्कचं नाव आणि धातू लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. खोक्याचे चारही बाजूंनी फोटो काढा, ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्याला बाजूला व्हायला सांगा. त्या डीलरचा माणूस आता माझा फोन उचलत नाही, पण त्याचा यूपीआय नंबर अजून चालू आहे. अशाच ‘ऍलर्जी-फ्री’ डिस्कचे पैसे कुणी दिले असतील तर यूपीआयची नोंद आणि स्टिकर आजच शोधून ठेवा, आणि तक्रार करा. माझ्या एकट्याच्या तक्रारीला ते व्यक्तिगत व्यवहार म्हणतात.