इकॉलॉजी शिकवायला व्हिडिओ बरा की झाडाखालचा एक चौरस मीटर?

मुलांना इकॉलॉजी शिकवायची म्हटलं की माझ्यापुढे कायम हेच दोन ऑप्शन असतात, वर्गात व्हिडिओ लावायचा की सरळ बाहेर नेऊन सुतळीने 1 मीटर बाय 1 मीटरचा चौकोन आखायचा आणि त्यात काय काय सापडतं ते मोजायला लावायचं.

व्हिडिओ सोपा, ऊन असो पाऊस असो चालतो. आणि काही गोष्टी त्याशिवाय दाखवताच येत नाहीत, म्हणजे 1995 ला अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे परत आणून सोडले ते, किंवा वातावरणातला ओझोनचा थर विरळ होण्याचं प्रकरण आणि तो वाचवायला झालेला 1987 चा मॉन्ट्रियल करार, हे काय झाडाखाली बसून दिसणारे का! पण दुसऱ्या दिवशी विचारलं की पोरांना फक्त लांडगा आठवतो.

चौकोनात मात्र खरी मजा. वरची पानं कुरकुरीत, खालचा थर ओलसर काळपट, त्यात एखाद्या पानाची नुसती जाळी उरलेली, बुरशीचे पांढरे धागे, आणि मधेच गोम निघाली की किंचाळ्या. विघटक (मेलेलं, गळलेलं कुजवून मातीत मिसळणारे जीव) हा शब्द मी लिहायच्या आधीच त्यांना कळलेला असतो. मग बारीक किडे एवढे आणि कोळी एवढेच का, असं कुणीतरी विचारतंच, तिथून अन्नसाखळीत (कोण कोणाला खातं त्या क्रमात) एका पातळीवरून पुढच्या पातळीला साधारण 10 टक्केच ऊर्जा पोचते हे सांगायला किती सोपं जातं. (मोजताना दोन गट हमखास भांडतात, ते वेगळं.)

मी तरी आधी चौकोन, मग व्हिडिओ. उलटं केलं तर पोरं बाहेर येऊन लांडगाच शोधत बसतात.