‘गुटगुटीत’ म्हणजे किती? मुलांच्या वजनासाठीच्या एका क्लिनिकचा अनुभव
आमच्या दहा वर्षांच्या मुलाला लोक ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतात, याचे आम्हाला कौतुकच होते. त्यामुळे शाळेच्या आरोग्य तपासणीत ‘वजन जास्त’ असा शेरा आला, तेव्हा सासूबाईंनी तो चक्क आगाऊपणा ठरवला. तरीही पुण्यातल्या, केवळ मुलांच्या वजनाचे काम पाहणाऱ्या एका क्लिनिकमध्ये आम्ही सगळे गेलो.

उंची १३८ सेंटिमीटर, वजन ४० किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २१. मोठ्या माणसाला हा आकडा निर्धोक असतो, परंतु मुलांचा बीएमआय वय पाहून वाचावा लागतो. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यात प्रौढांच्या २३ शी, म्हणजे ‘वजन जास्त’ जिथून सुरू होते त्या आकड्याशी, जुळणारी जी रेषा आहे, तिच्या वर डॉक्टरांनी पेन्सिलीने ठिपका काढून दाखवला.

क्लिनिकचे खरे वेगळेपण त्यापुढे आहे. बारीक ते जाड अशा शरीराकृतींच्या चित्रांतून स्वतःची आकृती निवडण्याची पद्धत अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मोठ्यांसाठी नऊ चित्रांत मांडली होती. इथे मुलांसाठीची सात चित्रे होती आणि प्रत्येकाला वेगळे बसवून विचारले गेले. मुलगा कसा दिसतो, याला मी चौथे चित्र निवडले. सासूबाईंनी तिसरे, वर ‘हाडेच जाड आहेत हो त्याची’ ही पुस्ती. डॉक्टरांच्या मते पाचवे. मुलाने क्षणभरही न थांबता सहाव्यावर बोट ठेवले आणि ‘कसे व्हावेसे वाटते’ याला दुसऱ्यावर. पोहायच्या तलावातही तो टीशर्ट का काढत नाही, हे मला तेव्हा कळले. मी आजवर उन्हाला दोष देत होते. डॉक्टरांनी त्याच्यासमोर ‘जाड’ हा शब्द एकदाही वापरला नाही, हेही नोंदवायला हवे.

तक्रारी दोन आहेत. वजनकाटा बाहेर, सगळ्यांच्या देखत ठेवलेला आहे आणि मदतनीस आकडा मोठ्याने वाचतो. आत इतकी काळजी घेणाऱ्यांना हे कसे चालते, कोण जाणे. आहाराच्या छापील कागदावर किन्वा आणि ॲव्होकाडो होते. आमच्या घरी ज्वारीची भाकरी होते असे सांगितल्यावर डॉक्टरांनी त्यावर काट मारून भाकरी, उसळ आणि ताक लिहून दिले, मात्र ते सांगावे लागले.

पहिल्या भेटीचे १,५०० रुपये जास्त वाटले, पण तासभर वेळ दिला. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. तेव्हा चित्रे पुन्हा सगळ्यांनी निवडायची आहेत, सासूबाईंनीही.