आईच्या इंजेक्शनचा नाकारलेला क्लेम आणि हॉस्पिटलचा इन्शुरन्स डेस्क

नाशिकमधल्या ज्या कॅन्सर सेंटरमध्ये आईची ट्रीटमेंट चालू आहे, तिथल्या डॉक्टरांबद्दल बरेच जण लिहितात. मला तळमजल्यावरच्या इन्शुरन्स डेस्कबद्दल लिहायचंय.

आईला स्तनाचा कॅन्सर, हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला. पहिल्या सहा सायकलला किमोची दोन औषधं आणि जोडीला ट्रास्टुझुमॅब, म्हणजे त्या हर-टूवरच नेम धरणारं इंजेक्शन. सगळं कॅशलेसमध्ये निघालं. सातव्यापासून किमो थांबली आणि एकटं ट्रास्टुझुमॅब सुरू झालं, दर २१ दिवसांनी, वर्ष पूर्ण होईपर्यंत. आणि तिथेच विमा कंपनीने हात वर केले. पत्रात म्हटलं होतं की ही किमोथेरपी नाही, इंजेक्शन ओपीडीत देता येतं, २४ तास ॲडमिशन नाही, सबब दावा नामंजूर. ३१,४०० रुपये मी तिथल्या तिथे भरले. आई सलाईन लावून झोपली होती, तिला काही बोललो नाही. पण पुढच्या दहा-अकरा सायकलचा हिशोब डोक्यात सुरू झाला होता.

डेस्कवरच्या मॅडमना पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "दादा, हे पत्र जपून ठेवा. आणि पॉलिसीची अख्खी पुस्तिका आणा, नुसतं कार्ड नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी हॉस्पिटलचंच बिल काढलं. त्यात फक्त 'इंजेक्शन' आणि 'नर्सिंग' एवढंच होतं. "चूक आमचीही आहे," असं त्यांनी सरळ सांगितलं. मग डे-केअरचं, म्हणजे त्याच दिवशी उपचार करून घरी सोडल्याचं, डिस्चार्ज कार्ड नव्याने बनवून घेतलं आणि वॉर्डातून केस पेपर मागवले. तो कागद मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. वजन ५८ किलो, किलोला ६ मिलिग्रॅम, डोस ३४८. सलाईन सुरू १०:४०. खाली बाटलीचं स्टिकर, त्यावर बॅच नंबर आणि सिस्टरची सही. हे सगळं पहिल्या दिवसापासून वॉर्डात होतं, कंपनीपर्यंत पोचलंच नव्हतं.

तक्रारीसाठी डॉक्टरांचं पत्र घेतलं, त्यात मॅडमनी एक मुद्दा आवर्जून घालून घेतला. विमा नियामकाच्या सप्टेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पॉलिसीतून वगळता येणार नाहीत अशा १२ आधुनिक उपचारांची यादी आहे. त्यात इंजेक्शनने द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी (ठरावीक लक्ष्यालाच चिकटणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन) आहे, आणि ट्रास्टुझुमॅब म्हणजे तेच. ॲडमिट करून किंवा डे-केअरमध्ये दिलं तर कव्हर द्यावं लागतं. कंपनी रकमेची मर्यादा घालू शकते, म्हणून पुस्तिका हवी होती. आमच्या पॉलिसीत ती मर्यादा बिलापेक्षा बरीच वर निघाली. नियामकाच्याच मे २०२४ च्या परिपत्रकानुसार नकार देताना पॉलिसीतलं नेमकं कलम सांगावं लागतं. आमच्या पत्रात एकही कलम नव्हतं, तेही लिहिलं.

तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेलने गेली. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जायचं, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही, हे मॅडमनी तेव्हाच समजावून ठेवलं होतं. ती वेळ आली नाही. १९ व्या दिवशी पैसे खात्यात जमा झाले. नववी सायकल पुन्हा कॅशलेस झाली.

तक्रारीची जागाही आहे. खिडकी एकच, साडेअकरानंतर रांग जिन्यापर्यंत जाते, आणि मॅडम सुट्टीवर असल्या की बसणाऱ्या मुलाला यातलं फारसं माहीत नसतं. इतक्या पेशंटमागे एक माणूस हा त्या बाईंवर अन्याय आहे, मॅनेजमेंटने अजून दोघांना त्यांच्या हाताखाली तयार करावं.

कोणाचा असा क्लेम अडकला असेल तर सकाळी दहाच्या आत जा. नकाराचं पत्र, पूर्ण पॉलिसी आणि बायोप्सीचा हर-टू रिपोर्ट, तिन्हींच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. हॉस्पिटलमध्ये झेरॉक्स मिळत नाही.