गिरगावातील पुस्तकबांधणीचा वर्ग: नववीच्या मुलांशेजारी बसून केलेले परीक्षण

शाळकरी मुलांसाठी मुंबईत भरणाऱ्या हस्तकला कार्यशाळांचा एक साचा ठरून गेला आहे. आधीच कापून ठेवलेले भाग, डिंकाची बाटली, शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो, आणि घरी नेलेली वस्तू आठवड्याभरात माळ्यावर. पाचवी-सहावीची मुले त्यात रमतात. नववीच्या मुलांना मात्र आपली बोळवण चालली आहे हे लगेच कळते. गिरगावातील एका जुन्या बांधणी कारखान्यात माध्यमिक शाळांसाठी चालणारा पुस्तकबांधणीचा वर्ग या साच्यात बसत नाही, आणि म्हणूनच, त्यातल्या उणिवा जमेस धरूनही, कला आणि कार्यानुभव शिकवणाऱ्या शिक्षकांनी तो एकदा घ्यावा असे मला वाटते.

वर्ग दिवसभराचा असतो. सकाळी शिलाई आणि बांधणी, दुपारी मुखपृष्ठासाठी लिनोचा, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून काढायचा, ठसा. शुल्क माणशी 700 रुपये, त्यात सगळे साहित्य आले. आमची शाळा प्रभादेवीची, त्यामुळे धीम्या लोकलने चर्नी रोडला उतरून चालत जाणे सोयीचे पडले. कारखाना वाडीतल्या तळमजल्यावर आहे. जागा अपुरी, पण उजेड चांगला.

काम शिकवणारे काका आयुष्यभर हाच व्यवसाय केलेले कारागीर आहेत आणि ते मुलांशी कारागीर म्हणूनच बोलतात. चार कागद एकत्र मधोमध दुमडले की सोळा पृष्ठांचा एक जुज होतो, असे सहा जुज शिवले की शहाण्णव पृष्ठांची वही तयार होते, एवढा हिशेब सांगून त्यांनी थेट टोचा हातात दिला. घडीवर भोके पाडताना टोचा तिरका गेला तर जुज एकमेकांवर सरळ बसत नाहीत, दोरा मेण लावून ओढला नाही तर तो कागद कापतो आणि पुढे सैलही पडतो, या गोष्टी सांगून फारशा कळत नाहीत. हात चालू लागल्यावर त्या आपोआप कळतात. मी शिक्षक म्हणून मागे उभा न राहता मुलांच्या रांगेतच बसलो होतो, आणि माझी घडी शेजारच्या मुलाच्या घडीइतकी सरळ नव्हती हे त्याने मला स्पष्टपणे दाखवून दिले.

एका प्रसंगावरून या वर्गाची प्रत समजते. जुजबंदीत प्रत्येक जुजाच्या टोकाशी दोरा खालच्या टाक्यात अडकवून गाठ घ्यावी लागते. एका मुलीकडून तिसऱ्या जुजाशी ही गाठ राहिली आणि ती तशीच पुढे शिवत गेली. वरून वही उत्तम दिसत होती. काकांनी ती हातात घेतली, मधोमध उघडली, तर तिसऱ्या आणि चौथ्या जुजामध्ये बोट जाईल एवढी फट पडली. त्यांनी कात्री तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बाळा, इथून उसव. वरून खळ लावली तर आज दिसणार नाही, पण महिन्याभराने पान हातात येईल." (खळ म्हणजे मैदा शिजवून केलेली चिकट पेज.) मुलीचा चेहरा पडला, पण तिने उसवले आणि पुन्हा शिवले. अन्य कार्यशाळांत अशा वेळी मदतनीस मुलाच्या हातातून वस्तू घेऊन स्वतः नीट करून देतात, कारण पालकांना छान वस्तू दिसली पाहिजे. इथे तसे केले जात नाही.

कागदाच्या तंतूंची दिशा हा भागही मला विशेष आवडला. गिरणीत बनलेल्या कागदाचे तंतू बहुतांशी एका दिशेने पडतात; तो त्या दिशेने सरळ दुमडतो, आडवा दुमडला की घडीवर चुरगळतो. पुठ्ठा, त्यावरचे कापड आणि आतला अस्तराचा कागद या तिघांची दिशा वहीच्या कण्याला समांतर नसेल, तर ओल्या खळीने ते वेगवेगळे फुगतात आणि पुठ्ठा वाकतो. काकांनी एका कागदाचे दोन तुकडे उभे-आडवे कापून, एका बाजूला पाणी लावून टेबलावर ठेवले. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या दिशांनी वळत गेले तेव्हा विज्ञानाच्या तासाला पेंगणारी मुलेही वाकून पाहू लागली. त्यानंतर हातकागदाचा नमुना दाखवला. सुती चिंध्यांच्या लगद्यातून चाळणीवर उचललेल्या या कागदात तंतू सर्व बाजूंना पसरलेले असतात, त्यामुळे त्याला अशी ठळक दिशा नसते. पुण्यात 1940 साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा उल्लेख या ठिकाणी सहज करता आला असता, पण तो झाला नाही.

हीच माझी पहिली तक्रार आहे. हा कारखाना ज्या गिरगाव-काळबादेवीच्या पट्ट्यात आहे, तो मराठी छपाईचा जुना परिसर. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाप्रेसवर (दगडी छापयंत्रावर) मराठी पंचांग छापले, आणि जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना 1869 मध्ये सुरू झाला. हाताने बांधलेली वही मुलांच्या पुढ्यात असताना या दोन गोष्टी दहा मिनिटांत सांगून होतात. मी त्या परतीच्या वाटेवर सांगितल्या, पण गाडीच्या गर्दीत कोण ऐकणार?

खळ मात्र मनापासून शिकवली. मैदा गार पाण्यात कालवून, गुठळी न राहू देता मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. धंद्याच्या कामात तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने मुलांच्या खळीत घातले नव्हते, आणि त्याचे कारणही सांगितले गेले. अशी वही पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवावी लागेल. यावरून एक व्यावहारिक सूचना: मुंबईच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत खळ लवकर सुकत नाही, वह्या वजनाखाली जास्त काळ ठेवाव्या लागतात, म्हणून शक्यतो दिवाळीनंतरची तारीख मागावी.

दुपारचा लिनोचा भाग निराशाजनक वाटला. लिनो उन्हात थोडा तापवला की मऊ होतो आणि कटर सहज फिरतो, हे सांगितले, पण तापवायला वेळच दिला नाही. कटर बोथट होते. बोथट हत्याराला जोर जास्त लावावा लागतो आणि ते निसटते. एका मुलाच्या अंगठ्याला लागले. प्रथमोपचाराची पेटी जवळ होती आणि जखम किरकोळ होती, तरी कटरपुढे दुसरा हात ठेवायचा नाही, हा नियम सुरुवातीलाच बजावून सांगायला हवा होता. मुलांनी आपली नावे उलटी कोरली. देवनागरीची शिरोरेषा अक्षरांना एकत्र धरून ठेवते, पण वरच्या बारीक मात्रा आणि वेलांट्या कोरताना तुटून जातात. त्या जाड ठेवा, एवढे कुणी आधी सांगितले असते तर निम्मी मुखपृष्ठे वाचली असती.

या सगळ्यात मुलांचा एक प्रश्न होताच: "सर, याचे मार्क मिळतात का?" प्रश्न गैर नाही. शासकीय इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए श्रेणी मिळाली तर दहावीला 7, बी श्रेणीला 5 आणि सी श्रेणीला 3 वाढीव गुण मिळतात, आणि त्या परीक्षेत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे विषय असतात. हाताने वस्तू घडवणे त्यात नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कारागिरांकडे शिकण्यासाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, पण ते सहावी ते आठवीसाठी. म्हणजे ज्या वयात बोटांना खरी पकड येते, त्या नववी-दहावीलाच या कामाला वेळापत्रकात जागा नाही. या वर्गाला सुट्टीच्या दिवशी जावे लागते ते त्यामुळेच.

700 रुपये सगळ्यांना परवडणारे नाहीत. आमच्या काही मुलांचे पैसे माजी विद्यार्थ्यांनी भरले. शुल्कात साहित्य धरलेले असले तरी टोचा, सुई, मेणाचा दोरा घरी न्यायला मिळत नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागद, पुठ्ठा आणि स्टेशनरीचे घाऊक दुकानदार आहेत. तिथून वर्गापुरते सामान एकदाच घेतले तर पुढची शिलाई शाळेत चालू ठेवता येते. आम्ही तसेच केले, आणि आता मधल्या सुट्टीत मुले परस्पर वह्या शिवत बसतात.

पुढच्या तुकडीसाठी मी लिनो वगळून दोन्ही सत्रे बांधणीलाच द्यावीत अशी विनंती केली. कारखान्याने ती मान्य केली आहे. शुल्क मात्र तेवढेच राहील.